मामंजींच्या नावाचा चिमटा

डोंबिवलीजवळच्या मानपाड्यात काळुराम पाटलांच्या घरी सून म्हणून यायचं, तर मुलीला बोलणं नव्यानं शिकावं लागे. मालन ठाण्याची, टेंभी नाक्यामागच्या आळीतली, जिभेनं चांगली तयार. पण सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, नावासारखा ऐकू येणारा शब्दही तोंडातून काढायचा नाही, असा रिवाज. आणि नाव नेमकं असं की त्यात अर्धी भाषा अडकलेली. ‘काळा’ म्हणायची सोय नाही. ‘सकाळ’ नाही, कारण तिच्या पोटात काळ, तिथं ‘उजाडलं’. ‘संध्याकाळ’ गेली आणि ‘दिवेलागण’ आली. काळजी वाटली तर ‘घोर लागला’. नावाच्या शेपटाला राम बसलेला, म्हणून आल्यागेल्याला रामराम घालणं बंद, आणि रामफळाला ‘सीताफळाचा नवरा’ म्हणायचं. लग्नात मालनच्या अंगावर किती दागिने आले ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. जिभेवरून किती शब्द उतरले ते कोणी मोजलं नाही. काळुरामांना तर पत्ताच नव्हता. सून अबोल आहे, आणि हा तिचा गुण आहे, अशी त्यांची समजूत होती.

घरात बोलण्याचा भार वाहायला तिचा नवरा होता. दौलत. हा एकुलता एक, खाडीकडच्या मिठागरांचा पुढचा मालक, आणि नवं काही दिसलं की हातातलं जुनं टाकून तिकडे धावणारा. त्या साली (अठराशे नव्वद उलटून गेलं होतं) ठाण्यात साहेबलोक पायगाडीवर बसून कचेरीत जाऊ लागले होते. पुढे एक चाक, मागे एक चाक, मध्ये साहेब. दौलतनं ते पाहिलं आणि त्याचं जेवणातलं लक्ष गेलं.

काळुराम मिठाच्या गोणी रवाना करायला खाडीवर मुक्कामाला गेले होते, तेवढ्यात दौलतनं घरची पांढरी घोडी ठाण्यात नेली आणि बदली होऊन आलेल्या एका जंगलखात्याच्या साहेबाला देऊन त्याची पायगाडी घेऊन आला.

काळुराम परतले. तबेल्यात डोकावले. घोडीच्या जागी दोन चाकं भिंतीला टेकून उभी.

“घोडी कुठं हाय?”

“आबा, हीच आता घोडी,” दौलत म्हणाला. “दाणा नाय, गवत नाय, लीद नाय. नुसतं तेल.”

“आणि दसरा?”

 दसऱ्याचा विचार दौलतनं केलाच नव्हता.

मानपाड्यात पाटलांची दोन घरं. एक काळुरामांचं, दुसरं त्यांचे चुलतभाऊ राघो पाटील यांचं. दसऱ्याला सगळं गाव सीमोल्लंघनाला वेशीबाहेरच्या आपट्याकडे निघे. जो पाटील वाहनावर बसून जाईल आणि जमिनीला पाय न लावता आपट्याचं पहिलं पान तोडेल, त्याचा वर्षभराचा मान. होळी त्यानं पेटवायची, लग्नात पहिली अक्षता त्याची, पंचांत पहिलं बोलणं त्याचं. काळुरामांच्या घरानं हा मान आजोबांपासून घोडीवर बसून राखला होता. राघो पाटलांकडे वाहन म्हणून बैलगाडी होती, आणि पाटलानं बैलगाडीतून पान तोडणं गावाला शोभेसं वाटत नसे.

घोडी गेल्याची बातमी राघो पाटलांना काळुरामांच्या आधीच लागली होती. त्यांनी त्याच आठवड्यात शहाडच्या बाजूचं एक तट्टू आणून दारात बांधलं. तट्टू इतकं लहान की राघो बसले म्हणजे पाय जवळजवळ जमिनीला लागत. ‘जवळजवळ’ म्हणजे लागत नाहीत, हे राघोंनी चार माणसांकडून वदवून घेतलं होतं.

“दौलत,” काळुराम म्हणाले, “दसऱ्याला मी राघ्याच्या तट्टाच्या मागून चालत गेलो, तर ही तुझी गाडी लोहाराच्या भट्टीत, आणि तू जन्मभर खाडीवर. पायात जोडे न घालता.”

“आबा, तुमाला गाडीवर बसवूनच आपट्याला नेतो. नाय नेलं तर बोला.”

दुसऱ्याच दिवशी दौलत सरावाला निघाला आणि मारुतीच्या देवळाच्या दीपमाळेवर जाऊन आदळला. दीपमाळेला काही झालं नाही. दौलतचा पाय मुरगळला, गाडीचा चिमटा तुटला, ब्रेकही गेला. चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी पकडून ठेवणारा दुपाखी लोखंडी दांडा. तो गेला की गाडी म्हणजे नुसती अडगळ. ब्रेक म्हणजे हाताजवळची कळ दाबली की दांडीच्या टोकाचा चमच्यासारखा तुकडा चाकावर घासायचा आणि चाक थांबायचं. निदान त्यानं थांबावं अशी अपेक्षा असायची.

ठाण्यात नाक्यावर मारुती नावाचा एक देशावरचा लोहार साहेबांच्या मोडक्या पायगाड्या जमवून ठेवी, हे दौलतला माहीत होतं. पण जायचं कोणी? दौलतला उभं राहता येईना. गड्याला पाठवावं तर तो वाटेत राघो पाटलांच्या ओट्यावर तंबाखूला थांबणार, आणि गाडी मोडल्याचं गावभर होणार. मालन तशीही घटस्थापनेला माहेरी निघाली होती. बाईमाणसाच्या गाठोड्यात काय आहे ते कोण विचारतो?

“नीट ध्यानात ठेव गो,” दौलतनं खाटेवरूनच बजावलं. “मारुतीकडं हिरवा चिमटा हाय, निळा हाय, आणि काळा हाय. आपल्याला काळा. काळाच. हिरवा बारका, निळा भलत्याच जातीच्या गाडीचा. आपल्या गाडीच्या जातीचा तो काळा. आणि एक ब्रेक घेऊन ये. काय आणशील?”

“तोच,” मालन म्हणाली.

“कोणता?”

“तुम्ही सांगितला तो.”

दौलत समाधानानं आडवा झाला. बायकोच्या तोंडातून कोणते शब्द हद्दपार झालेत, याची कल्पना नवऱ्यांना नसते. शब्द त्यांच्याच बापाचा असला तरी.

माहेरचे सात दिवस झाल्यावर मालन परतीच्या गाडीआधी मारुतीच्या भट्टीशी उभी राहिली. आत भिंतीला लोखंडाच्या सापळ्यांची रांग टांगलेली, आणि त्या सगळ्यांवर धुराचा असा थर की कोणता कुठल्या रंगाचा हे त्यांना रंगवणाऱ्यालाही ओळखता आलं नसतं.

“पायगाडीचा चिमटा पायजे,” ती म्हणाली. “आणि एक ब्रेक.”

“कुठला चिमटा देऊ? तीन हायती.”

“मामंजींच्या नावाचा.”

मारुतीनं हातोडा खाली ठेवला. “मामंजींचं नाव काय?”

“मी कशी घेणार?”

“बरं, गाव कंचं?”

“मानपाडा.”

“मानपाड्यात मी कुनाला वळखत न्हाई. रंग सांग की.”

“रंगच तर त्यांच्या नावाचा हाय!”

मारुतीच्या डोळ्यांत चमक आली. हा माणूस कोडी सोडवण्यात स्वतःला फार हुशार समजे. गणेशोत्सवात कोडी घालणाऱ्यांना उत्तरं देऊन देऊन त्यानं माणसं तोडली होती. मालन खूण म्हणून काय दाखवता येईल ते इकडेतिकडे शोधायला लागली, तसा तो ओरडला, “थांब, थांब! सांगू नगंस! मी वळखतो. त्या रंगाची वस्तू सांग फक्त.”

“कोळसा.”

“बाई, हितं मी बी कोळसाच हाय. दुसरी.”

“अवसेची रात.”

“रातीला कशाचा रंग? ती दिसतच न्हाई. तिसरी दे. देवाधर्माची दे.”

मालननं डोळे मिटले. रामाचं नाव निघणार नव्हतं. विठोबा सुचला, पण मारुती लगेच म्हणाला असता, विठोबा दगडाचा. “कृष्णाच्या रंगाचा!” ती म्हणाली.

“झालं!” मारुतीनं मांडीवर थाप मारली. “निळा! तुझा सासरा म्हंजी निळोबा. हाय का न्हाई?”

“नाय, गडद. त्याच्यापेक्षा गडद.”

“गडदच हाय. बघून घे की.”

आणि त्यानं भिंतीवरून चिमटा काढला. वर्षानुवर्षांच्या धुरानं तो काजळासारखा झाला होता. मालननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, बोट फिरवून पाहिलं. बोटसुद्धा सासऱ्यांच्या नावाचं झालं. मग तिची खात्री पटली.

“पन याच्यासंगं याचंच चाक न्यावं लागंल,” मारुती म्हणाला. “दुसरं बसनार न्हाई.” आणि त्यानं मागून एक चाक बाहेर लोटलं. ते मालनच्या छातीपर्यंत आलं.

ती एक क्षण बिचकली. पण मामंजींच्या नावाची वस्तू घरातल्या इतर वस्तूंपेक्षा मोठी असणं तिला गैर वाटलं नाही.

ब्रेकला रंग सांगितलेला नव्हता, म्हणून तो हिरव्याचा मिळाला.

डोंबिवलीच्या ठेसनापासून घरापर्यंत बैलगाडीत ते चाक गोधडीत गुंडाळून उभं ठेवावं लागलं. वाटेत राघो पाटलांच्या घरची आवडाबाई भेटली. “काय गो आणलंस माहेरून एवढं मोठं?”  “पाळण्याचं,” मालन म्हणाली. संध्याकाळपर्यंत गावातल्या बायका सासूचं, म्हणजे गोदाबाईंचं, अभिनंदन करून गेल्या. गोदाबाई हरखल्या. त्यांना खरं काय ते सांगायला घरात कोणाचं धाडस झालं नाही.

दौलतनं गोधडी उघडली. ओल्या फडक्यानं चिमटा पुसला. निळा निघाला.

“मी काळा सांगितला होता!”

“तसाच होता. पुसलात कशाला?”

“अगं, ही उंच चाकाची जुनी गाडी! पुढचं चाक माणसाएवढं, मागचं ताटाएवढं, ती जात! आपल्या गाडीला ही कशी लागंल?”

“तुम्ही बापाचं नाव दुसरं ठेवायचं होतं,” मालन पुटपुटली. पण ते पुटपुटणंच राहिलं.

परत जायला दिवस नव्हते. परवा दसरा. शेवटी धोंडीबा सुताराला बोलावलं. धोंडीबानं आयुष्यभर बैलगाड्या केल्या होत्या आणि जगात दुसऱ्या प्रकारची गाडी असू शकते यावर त्याचा विश्वास नव्हता. त्यानं चिमटा पाहिला, चाक पाहिलं, गाडीच्या मानेतली नळी पाहिली.

“दांडा बारीक, नळी मोठी,” तो म्हणाला. “पाचर मारू.”

“लोखंडाला लाकडाची पाचर?”

“बाभळीची हाय. लोखंड झिजंल, ती नाय झिजनार.”

पाचर मारली, वर चामडं गुंडाळलं. मग ब्रेक आला. हिरव्या गाडीच्या ब्रेकची दांडी वीतभर आखूड पडली. कळ वर, चाक खाली, आणि चमचा मध्येच हवेत लोंबत राहिला. धोंडीबा उठून स्वयंपाकघरात गेला आणि गोदाबाईंची पितळी पळी घेऊन आला. लग्नाकार्यात वरण वाढायची, लांब दांड्याची, वजनदार. “साहेबाचा चमचा बारका,” तो म्हणाला. “ह्यो आपला.” आणि पळी तारेनं दांडीला आवळून टाकली.

गाडी अंगणात उभी केली. मागचं चाक होतं तेवढंच, पुढचं छातीइतकं. त्यामुळे तोंड आभाळाकडे, बैठक मागे कललेली. पुढचे दोन्ही पाय उचलून बिथरलेली घोडी जशी दिसते तशी ती दिसत होती. दौलतनं डोक्याला हात लावला.

काळुराम ओसरीवरून उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली. आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या मिशा हलल्या.

“ही बेस हाय,” ते म्हणाले. “आमची घोडी पण अशीच उठायची.”

“आबा, ही चुकून–”

“तू गप. तू घेऊन आलास ती शेळीसारखी दिसायची. ही पाटलाची वाटते. ह्या चिमट्याची अक्कल कोनाची?”

 मालन पदर पुढे ओढून पळीकडे बघत होती.

दसऱ्याच्या दुपारी वाजंत्री लागली. गोदाबाईंनी सुनेला ओवाळलं, मग गाडीला हळदकुंकू वाहिलं, आणि आपल्या पळीलाही. त्या वेळी त्यांना ती ओळखू आली. पण पूजेत बोलायचं नसतं, म्हणून तेवढ्यापुरतं राहिलं. दौलतचा पाय अजून लंगडत होता. बसायचं होतं काळुरामांनाच. फेटा, कमरेला तलवार, कानात भिकबाळी. दोन गड्यांनी त्यांना उचलून बैठकीवर ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी धरून चालू लागले. समोरून तट्टावर राघो पाटील आले.

“काळूदादा, हे वाहन काय?”

“दिसत नाय तुला? घोडी हाय.”

“हिला शेपूट कुठं?”

“तुझ्या तट्टाला हाय ना? त्यावर समाधान मान.”

लोक हसले. राघोंनी तट्टाला टाच मारली, काळुरामांच्या गड्यांनी गाडी ढकलली, आणि दोन्ही पाटील वेशीपर्यंत बरोबरीनं गेले. वेशीबाहेर वाट उताराची. उताराच्या पायथ्याशी आपटा, त्याच्या फांद्या वाटेवर झुकलेल्या, आणि आपट्यापलीकडे लगेच गावतळं. काठोकाठ भरलेलं.

उतार लागताच गडी मागे पडले. धरून ठेवायचं तर धावायला हवं होतं, आणि ते पोट भरून जेवले होते.

पायाखालच्या पायट्या आपोआप फिरू लागल्या, काळुरामांचे पाय त्यांच्यावरून सुटले. “हो, हो, हो!” ते गाडीला म्हणाले. घोडी यावर थांबली असती. त्यांनी कळ दाबली. पळी चाकावर घासली आणि असा आवाज झाला की वाजंत्रीवाल्यांनी वाजवणं थांबवलं. काळुरामांनी अजून जोरानं दाबली. धोंडीबाच्या तारेनं तेवढ्यात दम सोडला. पळी चाकाच्या आऱ्यांत अडकली, एक गिरकी घेतली आणि सुटून थेट राघो पाटलांच्या तट्टाच्या ढुंगणावर बसली. तट्टानं मागचं पुढचं पाहिलं नाही. शहाडची वाट कुठल्या बाजूला आहे ते त्याला पाठ होतं. राघो पाटलांना घेऊन ते त्या वाटेनं निघून गेलं.

आता उतारावर एकटे काळुराम. पुढे आपटा, मग तळं.

आपट्याखाली बायकांत मालन उभी होती. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. मामंजी दोन्ही मुठींनी गाडीची शिंगं आवळून खाली चाकाकडे बघत येताहेत; मान वर केली तर फांदी हाताला येते, नाही केली तर तळं. आणि पाण्यात पडलेल्या पाटलाला कोणी मान देत नाही. सगळं गाव ओरडत होतं, “पाटील! अवो पाटील! आबा! दादा!” पण मानपाड्यात निम्मे लोक पाटील आणि उरलेले दादा. काळुरामांनी कोणाकडेच लक्ष दिलं नाही.

मालननं ‘मामंजी’ म्हणून पाहिलं. गलक्यात विरलं.

मग ती दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली.

“काळुराम! वर बघा! फांदी धरा!”

काळुरामांची आई जाऊन युग झालं होतं. त्यानंतर बाईच्या आवाजात हे नाव, पुढे-मागे काही न जोडता, त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. ते दचकले. मान झटक्यात वर गेली, मागोमाग हातही वर गेले. लहानपणी आई ओरडली की जसे जायचे तसेच. हातात आपट्याची फांदी आली. मुठी मिटल्या. गाडी खालून निघून गेली, एकटीच तळ्याच्या काठावरून उडाली आणि तोंड आभाळाकडे ठेवूनच बुडाली.

काळुराम फांदीला लोंबत होते. फेटा डोळ्यांवर, तलवार हेलकावे घेत. पण मुठीत आपट्याची पानं होती, आणि पाय जमिनीच्या वर.

आधी धोंडीबालाच कंठ फुटला. “पयलं पान तोडलं! पाय लागला नाय!”

राघो पाटलांच्या बाजूची माणसं आक्षेप घ्यायला पुढे आली. पण आक्षेप घ्यायचा तर राघो पाटील हजर पाहिजेत, आणि ते अजून जातच होते. वाजंत्री पुन्हा लागली. मान काळुरामांचा झाला. चौघांनी त्यांना उतरवलं.

 मग मात्र सगळ्यांना एकदमच आठवलं.

“मला नावानं कोनी हाक मारली?” काळुरामांनी विचारलं.

बायका हळूहळू बाजूला सरल्या. मध्ये मालन राहिली, पदर नाकापर्यंत. गोदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. दौलत लंगडत पुढे आला, “आबा, ती घाबरून–”

“तू गप.” काळुराम सुनेसमोर उभे राहिले.  “तुझा आवाज असा हाय होय गो?” ते म्हणाले. “आणि मी समजत होतो तुला बोलता येत नाय.”

मालननं पदर थोडा वर सरकवला.

“तो चिमटा तूच आणलास ना? दौलत बोलला चुकून आला. कोनता आणायचा होता?”

“...मामंजींच्या नावाचा.”

काळुरामांना समजायला वेळ लागला. मग समजलं. त्यांच्या तोंडावरून तबेला, दीपमाळ, पळी, तळं असं सगळं एकामागून एक सरकून गेलं, आणि ते फांदीला धरल्यासारखे झाडाच्या बुंध्याला धरून हसू लागले. हसता हसता मुठीतलं पहिलं पान त्यांनी सुनेच्या हातावर ठेवलं. गावात आजवर ते पान पाटलानं पाटलीणबाईला दिलं होतं.

“हे सोनं घे. आता एकदा रंगाचं नाव सांग. सगळ्यांसमोर.”

“काळा,” मालन म्हणाली.

गोदाबाई खोकल्या. पण आभाळ जागेवरच होतं.

त्या दिवशी घरात ठरलं की नाव घ्यायचं नाही, पण रंगाला रंग आणि वेळेला वेळ म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी मालन उठली आणि नवऱ्याला म्हणाली, “सकाळ झाली.” मग थोड्या वेळानं, काही काम नसताना, पुन्हा म्हणाली. दौलतनं पांघरूण डोक्यावर घेतलं.

गाडी तळ्यातून काढली आणि पाय बरा झाल्यावर दौलत स्वतः ठाण्याला जाऊन काळा चिमटा घेऊन आला. मारुतीनं गाव ऐकताच त्याला विचारलं, “निळोबा तुमचं कोन?” राघो पाटील तट्टासह शहाडहून परत आले, त्यांनी तिकडे मुद्दाम गेल्याचं सांगितलं. पाळण्याबद्दल विचारणाऱ्या बायकांना गोदाबाई पुढचं वर्षभर उत्तरं देत राहिल्या.

पळीही सापडली. धोंडीबानं ती ठोकून सरळ केली, म्हणजे त्याच्या मते केली. तेव्हापासून पाटलांच्या पंगतीत वरण नेहमी शेजारच्याच्या पानात पडतं.